तुटलेला बँड परत जुळलाय? मग मँचेस्टरला जाऊन बघायचं कसं ते सांगते

इंग्लंडात नोकरीसाठी येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींमध्ये एक छोटा पण चिवट गट आहे, ज्यांनी कॉलेजात असताना मित्राच्या पीसीवरून कॉपी केलेल्या एमपीथ्रींवर नव्वदच्या दशकातलं इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह रॉक ऐकलं, आणि ते आवडायला लागेपर्यंत त्यातले निम्मे बँड फुटलेले होते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कारण ते बँड आता एकेक करून परत येतायत, आणि तुम्ही रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स नाहीतर बर्मिंगहॅमला राहत असाल तर शनिवारी जाऊन रविवारी परत यायचं अंतर आहे.

मी मँचेस्टर धरून लिहितेय. लंडनलाही शो असतोच, पण लंडनचं तिकीट आधी संपतं, हॉटेलवाले पिळतात आणि हॉल बऱ्याचदा अवाढव्य असतो. मँचेस्टरचं सेंटर पायी फिरण्याएवढं आहे, हॉल सेंटरमध्येच किंवा त्याला लागून आहेत, आणि या संगीताचं अर्धं घराणं त्याच गल्ल्यांमधून निघालंय.

सगळ्याच्या आधी माझा एकच नियम सांगते, बाकीचं त्यावरच उभं आहे. शोचं तिकीट विचार न करता लगेच घ्यायचं, आणि ट्रेन, हॉटेल वगैरे जे बाकी असेल ते बदलता किंवा परत करता येईल असंच घ्यायचं. का ते पुढे येईलच.

आधी बँड तपासा

'परत एकत्र आले' या तीन शब्दांखाली काहीही खपवतात, म्हणून दोन गोष्टी बघायच्या. स्टेजवर नक्की कोण असणार, आणि परत आल्यावर यांनी नवीन काही केलंय का.

पिक्सीज घ्या. १९९३ ला फुटले, २००४ ला परत आले, तेव्हा चौघेही मूळचेच. पण बास वाजवणारी किम डील २०१३ मध्ये बाहेर पडली, त्यामुळे २००४ चं तिकीट आणि आजचं तिकीट यावर नाव तेच असलं तरी गोष्ट तीच नाही. वाईट आहे असं म्हणत नाही मी, फक्त तुम्ही तिच्या आवाजासाठी जाणार असाल तर आधी माहीत असलेलं बरं. याच्या उलट स्लोडाइव्ह. हा बँड आपल्या रेडिंगचाच, १९८९ चा. इथल्या म्युझिक प्रेसने तेव्हा त्यांची यथेच्छ टर उडवली, १९९५ मध्ये तिसरा अल्बम आल्या आल्या रेकॉर्ड कंपनीने नारळ दिला आणि बँड संपला. २०१४ मध्ये परत आले ते 'सुवलाकी' या १९९३ च्या अल्बमवर वाजवलेले पाचच्या पाच जण घेऊन. आणि नुसतं जुनं वाजवत बसले नाहीत, २०१७ आणि २०२३ मध्ये नवे अल्बम काढले आणि २०२३ चा तर ब्रिटिश चार्टच्या पहिल्या दहात गेला, जे नव्वदच्या दशकात त्यांना कधी जमलं नव्हतं. आता त्यांच्या शोला पुढे कठड्याला चिकटून विशीतली पोरंपोरी असतात आणि आपण चाळिशीवाले मागे. पल्पचंही तसंच, २०२३ ला परत टूरवर आले आणि २०२५ मध्ये तब्बल २४ वर्षांनी नवा अल्बम काढला, तो थेट एक नंबरवर. फक्त त्यांचा बासवाला स्टीव्ह मॅकी २०२३ च्या मार्चमध्येच वारला, त्यामुळे तो त्यात नाही.

माझं मत विचाराल तर नवा अल्बम काढलेला बँड आधी निवडा. नुसते जुने हिट वाजवायला आलेले लोक कधीकधी खरंच छान वाजवतात पण कधीकधी ऑफिसला आल्यासारखे वाजवतात. नवीन गाणी असली की निदान त्यांच्यात आपसात काहीतरी चालू आहे याची खात्री असते.

आता लगेच तिकीट का घ्यायचं ते. लश नावाचा बँड २०१५ मध्ये परत आल्याचं जाहीर झालं आणि २५ नोव्हेंबर २०१६ ला, याच शहरातल्या मँचेस्टर अकॅडमीत, शेवटचा शो करून संपलासुद्धा. पुढच्या टूरला बघू म्हणणारे बसले. स्टोन रोझेसनी २०१२ मध्ये इथल्याच हीटन पार्कात तीन रात्री वाजवलं, २०१७ मध्ये ग्लासगोला शेवटचा शो झाला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा बासवाला मानी वारला, म्हणजे तो विषयच संपला.

आणि बाकीचं परत करता येईल असं का, तर जेन्स ॲडिक्शन हा बँड. मूळचे चौघे परत आले, टूर चालू होती, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बॉस्टनला भर स्टेजवर गायक पेरी फॅरेल गिटारवाल्या डेव्ह नव्हारोच्या अंगावर धावून गेला, शो तिथेच थांबला आणि उरलेली टूर रद्द. जे एकदा भांडून वेगळे झालेत ते परत भांडू शकतात हो, आणि वय झालेलं असतं, घसा बसतो, पाठ धरते. शो रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत येतात, तुमच्या हॉटेलचे आणि ट्रेनचे कुणी देत नाही.

तिकीट

बँडच्या वेबसाइटवर जाऊन त्यांच्या मेलिंग लिस्टला नाव घाला, हे काम आजच करून टाका. टूर जाहीर झाली की साधारण असं होतं, आधी मेलिंग लिस्टवाल्यांची प्रीसेल, म्हणजे आगाऊ विक्री, मग एखाद्या मोबाईल कंपनीची किंवा हॉलची प्रीसेल, आणि शेवटी शुक्रवारी सकाळी, बहुतेक वेळा १० ला, सगळ्यांसाठी विक्री. हॉलच्या नावात ओटू असेल आणि घरात कुणाचं ओटूचं सिम असेल तर प्रायॉरिटी नावाच्या ॲपवरून ४८ तास आधी तिकीट घेता येतं. आमच्याकडे नवऱ्याचं सिम तसलं आहे आणि ते केवळ याच कारणासाठी बदललेलं नाहीये. त्याला हे माहीत आहे.

विक्रीच्या दिवशी काय करायचं:

- आदल्या रात्री तिकीट साइटवर लॉगिन करून बघा, पासवर्ड आठवतोय का, कार्डाची तारीख संपलेली नाही ना.
- बँकेचं ॲप हातात ठेवा, कारण पेमेंटला बँक मंजुरी मागते आणि तेवढ्यात वेळ संपून तिकीट निसटतं.
- एकाच डिव्हाइसवरून एकच टॅब. दहा टॅब उघडले तर सिस्टीमला तुम्ही बॉट वाटता.
- आधीच ठरवून ठेवा की उभं राहायचं की बसायचं आणि किती पौंडांपर्यंत. त्या घाईत माणूस काहीही क्लिक करतो.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ओएसिसच्या तिकिटांना लोक तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबले आणि नंबर आला तेव्हा दीडशे पौंडांच्या आसपासचं तिकीट साडेतीनशेच्या वर गेलेलं. लोकांनी घेतलं, कारण एवढं थांबल्यावर सोडवत नाही. मधल्या आकाराच्या बँडना हा त्रास सहसा नसतो, चाळीस ते साठ पौंडांच्या घरात काम होतं, पण 'प्लॅटिनम' असं काही लिहिलेलं दिसलं तर ती जागा खास नसते, फक्त भाव खास असतो.

मिळालं नाही तर लगेच जास्त पैसे देऊन घेऊ नका. ट्विकेट्स नावाच्या साइटवर लोक आपलं तिकीट मूळ किमतीलाच विकतात, वर थोडी फी. डाइस या तिकीट ॲपवर विकलेला शो असेल तर वेटिंग लिस्ट असते आणि ती खरंच हलते. आणि शोच्या आधीच्या आठवड्यात अधिकृत साइटवर थोडी तिकिटं परत दिसायला लागतात, कारण स्टेज कसं लावायचं ते ठरलं की अडवून ठेवलेल्या जागा सोडतात. मी तरी शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ बघत राहते. दुप्पट-तिप्पट भावाने विकणाऱ्या रीसेल साइटपासून लांबच राहा, मूळ किमतीच्या वर विकणं बेकायदा करणार असं सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय, पण जाहीर करणं आणि प्रत्यक्ष होणं यात किती वेळ जातो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि फेसबुकवर 'आजारी आहे म्हणून विकतेय' वाल्या अनोळखी बाईला बँक ट्रान्सफर तर बिलकुल नको.

कुठला हॉल, कुठे उभं राहायचं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपली उंची. पाच फूट दोन इंचाची बाई इंग्लंडमध्ये स्टँडिंग तिकीट काढते तेव्हा तिला बहुतेक वेळा बँड नाही, कुणाच्यातरी जॅकेटची शिवण दिसते. आणि परत आलेल्या बँडना येणारा पब्लिक म्हणजे सहा फुटी, टक्कल पडलेले, १९९१ चा टीशर्ट पोटावर ताणून घातलेले अतिशय सज्जन काका. सज्जन असतात, सरकून जागाही देतात, पण उंच असतात.

म्हणून अपोलो. आर्डविक ग्रीनला आहे, १९३८ मध्ये थिएटर म्हणून बांधलेलं, साडेतीन हजार माणसं मावतात. त्याची मजा ही की खालचा फ्लोअर उतरता आहे, जुन्या सिनेमा थिएटरसारखा, त्यामुळे मागे उभं राहिलं तरी पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. साउंड डेस्कच्या जरासं पुढे, मध्यावर उभे राहा. साउंडवाला जिथे बसून मिक्स करतो तिथेच सगळ्यात नीट ऐकू येणार, हे साधं गणित आहे आणि ते कुठल्याही हॉलला लागू पडतं. गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या सर्कलमध्ये खुर्च्या आहेत. पिकाडिली स्टेशनवरून पंधराएक मिनिटं चालत, रस्ता काही देखणा नाही, पण सरळ आहे.

अल्बर्ट हॉल हा माझा लाडका. पीटर स्ट्रीटवर आहे, लंडनच्या त्या रॉयलवाल्याशी याचा संबंध नाही. १९१० मध्ये बांधलेलं मेथडिस्ट लोकांचं प्रार्थनागृह, खाली नाइटक्लब चालायचा आणि वरचा मोठा हॉल कित्येक वर्षं बंद पडून होता, मग तो साफसूफ करून गेल्या दशकात गाण्यासाठी उघडला. अजून रंगीत काचा आहेत, मागे ऑर्गनचे पाइप आहेत, तिन्ही बाजूंनी घोड्याच्या नालासारखी बाल्कनी. उन्हाळ्यात शो असेल तर पहिलं अर्धं गाणंबजावणं चक्क त्या काचांतून येणाऱ्या उजेडात होतं, लाइटवाल्याला काही कामच नसतं. इथे दार उघडायच्या वेळेला पोचा आणि सरळ जिना चढून बाल्कनीची पुढची रांग धरा. साडेसातला पोचलात तर ती भरलेली असते. मात्र सपोर्ट बँड, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा, संपल्यावर बिअर आणायला दोघांनी एकदम उठायचं नाही, एकाने जागा राखायची, एसटीत रुमाल टाकतो तसं इथे चालत नाही.

अकॅडमी युनिव्हर्सिटीच्या आवारात, ऑक्सफर्ड रोडवर. काळा चौकोनी डबा आहे, सपाट फ्लोअर, आवाज दणदणीत. बुटक्यांनी डाव्या-उजव्या कडेला भिंतीजवळ जावं. आणि को-ऑप लाइव्ह आणि एओ अरीना ही वीस हजारांच्या वरची प्रकरणं, पैकी को-ऑप लाइव्ह २०२४ मध्ये उघडलं, तेही तारखा पुढे ढकलत ढकलत. तिथे शो असेल आणि तोच बँड आठवड्याभरात लीड्स, शेफील्ड किंवा नॉटिंगहॅमला लहान हॉलमध्ये असेल तर सरळ तिकडे जा. खरंच सांगते, हा लेख मँचेस्टरचा असला तरी हॉल शहरापेक्षा महत्त्वाचा.

ट्रेन

लंडन यूस्टनवरून साधारण सव्वादोन तास. रेडिंगवरून क्रॉसकंट्रीची थेट गाडी आहे, ऑक्सफर्ड, बर्मिंगहॅम करत जाते, सव्वातीन तासांच्या आसपास, जरा दाटीवाटीची असते म्हणून सीट रिझर्व्ह कराच. रेडिंगकरांकडे बहुतेक नेटवर्क रेलकार्ड नावाचं सवलतीचं कार्ड असतं, ते फक्त आग्नेय इंग्लंडपुरतं आहे, मँचेस्टरच्या तिकिटावर चालत नाही. दोघं जाणार असाल तर टू टुगेदर कार्ड काढा, एक तृतीयांश सूट मिळते, एकाच फेरीत बरेचसे पैसे वसूल. फक्त दोघांनी पूर्ण प्रवास एकत्र करायला हवा, भांडण झालं तरी.

ॲडव्हान्स तिकीट स्वस्त असतं पण त्याचे पैसे परत मिळत नाहीत, फी भरून तारीख किंवा वेळ तेवढी बदलता येते. ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारं, महाग पण थोडी फी कापून परत मिळतं आणि दिवसातली जवळजवळ कुठलीही गाडी चालते. मी जाताना ॲडव्हान्स घेते, येताना ऑफ-पीक, कारण येतानाचं गणित रविवारी रुळांवर कसलं काम निघेल त्यावर असतं. बुक करायच्या आधी नॅशनल रेलच्या साइटवर त्या रविवारचं इंजिनिअरिंग वर्क बघून घ्या, नाहीतर स्टॉकपोर्टपासून बसमध्ये बसवतात.

शनिवारच्या शोसाठी शनिवारी सकाळीच निघा, दुपारच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. दारं सातला उघडणार आणि गाडी तीनला पोचणार हे कागदावर छान दिसतं, क्रू जंक्शनच्या गाडीरांगेत अडकलेल्या डब्यात छान दिसत नाही.

हॉटेल

तारीख ठरली की आधी बघा की त्या दिवशी युनायटेड किंवा सिटीची घरची फुटबॉल मॅच आहे का, हीटन पार्कला काही मोठं आहे का. असेल तर हॉटेलचे भाव डोळे फिरवतात. म्हणून शोचं तिकीट हातात आल्याच्या त्याच तासाला, फ्री कॅन्सलेशनवालं हॉटेल बुक करून टाकायचं, मग निवांतपणे स्वस्त शोधत बसायचं. जागा पिकाडिली स्टेशन ते सेंट पीटर्स स्क्वेअर या पट्ट्यात घ्या, तिथून अपोलो, अल्बर्ट हॉल दोन्ही पायी. नॉर्दर्न क्वार्टरमध्ये मुक्काम नको, शनिवारी पहाटेपर्यंत खिडकीखाली लोक गातात आणि तेही बेसूर. सेंटरमधल्या हॉटेलांत खोलीमागे रात्रीला एक पौंड आणि वर व्हॅट असा जास्तीचा आकार लावतात, २०२३ पासून आहे, बिलात दिसला तर भांडू नका, तो खरा आहे.

शनिवारची दुपार

बॅगा हॉटेलात टाका, तीनच्या आधी खोली मिळत नाही पण बॅगा ठेवून घेतात. ओल्डहॅम स्ट्रीटला या. पिकाडिली रेकॉर्ड्स हे १९७८ पासूनचं दुकान, त्यांनी रेकॉर्डच्या कव्हरवर हाताने काय लिहून चिकटवलंय ते वाचत गेलं तरी तास जातो. समोरच्या अंगाला व्हाइनल एक्स्चेंज, जुन्या रेकॉर्ड आणि सीडी, पुण्यात अलुरकरांच्या दुकानात रेंगाळलेल्या माणसाला इथून बाहेर काढणं अवघड. ॲफ्लेक्स या छोट्या दुकानांच्या बाजारात बॅज, जुने जॅकेट, वेडेवाकडे टीशर्ट. विकत घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा, १२ इंची रेकॉर्ड घेऊन हॉलमध्ये जाता येत नाही, बॅगेचा आकार ए-फोर कागदाएवढाच चालतो बहुतेक ठिकाणी. आधी खोलीवर ठेवून या.

जेवणाचं सोपं आहे. पिकाडिलीजवळच्या बंडोबस्टमध्ये सगळं शाकाहारी आहे आणि वडापाव मिळतो, गुजराती हाताचा आहे, दादरची सर नाही, पण मँचेस्टरच्या पावसात बिअरबरोबर तो खाताना तक्रार सुचत नाही. सोप स्ट्रीट नावाच्या बोळात 'धिस अँड दॅट' आहे, १९८० च्या दशकापासून तेच, भात आणि त्यावर तीन भाज्या-रस्से, भरगच्च ताट आणि कसलाही नखरा नाही. शोच्या आधी इथे जेवा पण साडेपाचपर्यंत, कारण पोटभर भात खाऊन तीन तास उभं राहणं हा वेगळाच प्रकार आहे.

ज्यांना यात्रा करायची आहे त्यांनी व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टला जाऊन हासिएंडा बघावा, म्हणजे त्या जागी उभे राहिलेले फ्लॅट, नाव तेवढं ठेवलंय. १९८२ ते १९९७ तो क्लब होता आणि न्यू ऑर्डर या बँडचे पैसे त्यात बुडाले. पीटर स्ट्रीटवरच्या फ्री ट्रेड हॉलचं हॉटेल झालंय, ४ जून १९७६ ला त्याच इमारतीतल्या छोट्या हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स वाजवून गेले आणि ऐकायला आलेल्या मूठभर लोकांतून पुढे जॉय डिव्हिजन वगैरे बँड निघाले. खरं तर बघण्यासारखं दोन्हीकडे काही नाही. पण आपण तरी मंगेशकरांचं घर कुठलं म्हणून पेडर रोडला मान वर करून बघतोच की.

संध्याकाळ

हे तासांप्रमाणे सांगते. बँड किंवा हॉल शोच्या दिवशी सोशल मीडियावर वेळापत्रक टाकतात, ते दुपारी बघा. सहसा दारं सातला, सपोर्ट पावणेआठ-आठला, मुख्य बँड नऊच्या सुमारास, अकराला कर्फ्यू, म्हणजे गाणं बंद. पण शुक्रवार-शनिवारी एक मेख असते. काही हॉलमध्ये नंतर क्लब नाइट असते, त्यामुळे सगळं तासभर अलीकडे सरकतं आणि दहालाच दिवे लागतात. आपण भारतीय वेळेने पावणेनऊला पोचलो तर बरीच गाणी होऊन गेलेली असतात.

तिकीट मोबाईलच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, दारात नेटवर्क मरतं. कोट क्लोकरूममध्ये द्या, दोन-तीन पौंड जातात पण आत इतकं उकडतं की नोव्हेंबरमध्येही घाम निघतो. पाण्याची बाटली आत घेतली की बारवाले तिचं झाकण काढून घेतात, भरलेली फेकून मारू नये म्हणून, तेव्हा ती पर्समध्ये ठेवायच्या भानगडीत पडू नका. मर्चंडाइजचा टीशर्ट हवा असेल तर आल्या आल्या घ्या. शो संपल्यावर मीडियम साइज संपलेला असतो आणि उरतो तो ट्रिपल एक्सएल.

आता इअरप्लग. हे मी सुचवत नाहीये, बजावतेय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी आवाजाची जी मर्यादा सांगितली ती सरासरी १०० डेसिबल आहे, आणि या जातीच्या बँडची गिटार तिथवर सहज जाते. माय ब्लडी व्हॅलेंटाइन २००८ मध्ये परत आले तेव्हा हॉलच्या दारात इअरप्लग वाटत होते, कारण शेवटच्या गाण्याच्या मधोमध ते सलग कित्येक मिनिटं एकच गोंगाट वाजवतात, ज्यात सूर असा नसतोच, नुसता आवाज, तो कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त कळतो, पँटचा कापड पायावर थरथरतो. अशा वेळी कापसाचे बोळे कामाचे नाहीत. फोमचे प्लग स्वस्त आहेत पण त्याने गाणं उशीखालून ऐकल्यासारखं होतं. वीसएक पौंडांचे संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते आवाज सगळीकडे सारखा कमी करतात, शब्द उलट जास्त नीट कळतात. घरी एकदा घालून बघा, ते बसवायची एक पद्धत आहे, कान वर-मागे ओढून.

सपोर्ट बँड चुकवू नका. परत आलेले बँड बरेचदा आपल्यामुळे तयार झालेल्या नव्या पोरांना बरोबर घेतात, आणि बारा पौंडांत पुढच्या वर्षी बघायचा बँड तिथे सापडतो.

गाण्यांची यादी आधी बघायची का? सेटलिस्ट डॉट एफएमवर आदल्या रात्रीची सगळी यादी असते. मी बघत नाही, नवरा बघतो, कारण त्याला बाथरूमला कधी जायचं ते ठरवायचं असतं. त्याची पद्धत जास्त व्यवहारी आहे हे मान्य. पण नवा अल्बम मात्र आधी चार-पाच वेळा ऐकून जा. नाहीतर नवीन गाणं लागलं की आजूबाजूचे बारकडे पळतात आणि तुम्हालाही पळावंसं वाटतं, आणि बँडच्या अंगात खरं वारं बरेचदा त्याच गाण्यांना येतं, तीसेक वर्षं वाजवलेल्यांना नाही.

फोनवर एक गाणं रेकॉर्ड करा, नाही म्हणत नाही, आईला पाठवायला लागतं. मग खिशात.

नंतर

अकराला बाहेर पडल्यावर भूक लागते. अकॅडमीत असाल तर ऑक्सफर्ड रोडनेच पुढे रशोमला चालत जा, करी माइल म्हणतात त्या भागाला, रात्री उशिरापर्यंत कबाब, शोरमा, फालुदा, जिलेबी सगळं चालू. सेंटरमध्ये असाल तर जे उघडं दिसेल ते. को-ऑप लाइव्हवरून ट्रामच्या स्टॉपवर तुफान गर्दी होते, पिकाडिलीपर्यंत अर्धा तास चालणं परवडतं, सगळा लोंढा तसाच जातो त्यामुळे एकटं वाटत नाही. ट्राममध्ये कार्ड चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टॅप करा, उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापतात.

रविवार

रविवार बरोबर आलेल्या माणसाचा. ज्याला बँडशी काही देणंघेणं नाही पण जो तुमच्यासाठी तीन तास उभा राहिला, त्याला ओल्ड ट्रॅफर्डला न्या, फुटबॉलच्या नाही, क्रिकेटच्या. आपल्या मुंबईच्या फारुख इंजिनिअरांच्या नावाचा स्टँड आहे तिथे, २०२५ च्या जुलैमध्ये भारताच्या टेस्टच्या वेळी नाव दिलं, लँकेशायरकडून ते १९६८ ते १९७६ खेळले. मॅच नसेल तर बाहेरूनच बघावं लागतं. पाऊस असेल, म्हणजे असेलच, तर डीन्सगेटवरची जॉन रायलँड्स लायब्ररी, फुकट आहे आणि आतून एखाद्या कॅथेड्रलसारखी. लिव्हरपूल रोडवरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये १८३० चं रेल्वे स्टेशन आहे, जगातलं सगळ्यात जुनं टिकलेलं पॅसेंजर स्टेशन, त्याच्या काही इमारतींचं काम चालू असतं म्हणून काय उघडं आहे ते आधी बघा. कानात शिट्टी वाजत असेल तर हेडफोन लावू नका, दिवसभर कानांना सुट्टी द्या.

परतीची गाडी दुपारी दोन-तीनची धरा. संध्याकाळी पाचनंतरच्या गाड्यांत सगळा युनिव्हर्सिटीचा जथा असतो आणि रिझर्व्हेशन असूनही आपल्या सीटवर कुणीतरी झोपलेलं सापडतं. गाडी लेट झालीच तर डिले रिपेचा, म्हणजे उशिराच्या भरपाईचा, अर्ज २८ दिवसांत करायचा असतो, तिकिटाचा फोटो ठेवा, आणि तो अर्ज गाडीत बसल्या बसल्याच भरून टाका, घरी पोचल्यावर सोमवारचा डबा आडवा येतो.